गास्तों परत आला : मराठी फुग्यांच्या नोंदी

३ जानेवारी २०२४, बुधवार

आज बेल्जियन चित्रकथाकार आंद्रे फ्रांकँ असता तर शंभर वर्षांचा झाला असता. ३ जानेवारी १९२४, ब्रसेल्समधलं एतरबेक. कामाला सुरुवात करायला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही, म्हणून शाळेतून आल्या आल्या ही वही उघडली.

काम असं. फ्रांकँच्या 'गास्तों लागाफ' या विनोदी चित्रकथेच्या बारा पानांना मराठी संवाद लिहायचे आणि २८ फेब्रुवारीला आमच्या फ्रेंच शिकणाऱ्या गटापुढे ती वाचायची. आठ पानं फ्रांकँची, चार पानं नव्या अल्बममधली. छापायचं नाही, प्रती काढायच्या नाहीत, कुठे टाकायचं नाही. पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची. अल्बम बंद केला की ट्रेसिंग वेगळं, पुस्तक वेगळं.

जुने पाच अल्बम माझ्याकडे फ्रान्समधल्या त्या एका वर्षापासून आहेत. तिथल्या शाळेत सहायक म्हणून होते तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात एकेक करून घेतलेले. नवा अल्बम, म्हणजे बाविसावा, 'गास्तोंचं पुनरागमन', गेल्या २२ नोव्हेंबरला तिकडे बाजारात आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी नाताळच्या सुट्टीत घरी आली, तिने तो आणला. अजून मी तो नीट वाचलेला नाही. चाळला आणि मिटला. फ्रांकँ १९९७ च्या जानेवारीत गेला आणि हा अल्बम त्यानंतर सव्वीस वर्षांनी दुसऱ्याच माणसाने काढलेला आहे. त्याच्याशी कसं वागायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

७ जानेवारी, रविवार

भाचा आला होता. तो चित्रकला शिकतो. अक्षरलेखन त्याच्याकडे, भाषा माझ्याकडे. पहिलं पान घेतलं आणि तासाभरात लक्षात आलं की खरी अडचण जागेची आहे.

फ्रेंच संवाद सगळा मोठ्या लिपीतल्या अक्षरांत असतो, एका उंचीचा, विटा रचल्यासारखा. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. त्यांच्या चार ओळी जिथे बसतात तिथे आपल्या तीन बसतात, त्याही दाटीवाटीने. अक्षर बारीक केलं तर मागच्या रांगेतल्याला दिसत नाही. म्हणजे वाक्यच आखूड करावं लागणार.

इथे मराठी मदतीला येते. 'मी तुला सांगितलं होतं की तू हे करू नकोस' याचं 'सांगितलं होतं ना!' होतं. मी, तू, तो सगळं क्रियापदात मुरलेलं असतं. पहिल्या पानावर मोजून पाहिलं, तेवीस फ्रेंच शब्दांचे अकरा मराठी शब्द झाले आणि काही सांडलं नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, फुग्याची शेपटी तोंडाकडे जाते ना, त्या बाजूला शेवटचा शब्द आला पाहिजे. नाहीतर बोलतोय असं वाटत नाही." मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

१० जानेवारी, बुधवार

वाचनाच्या सुरुवातीला पाच मिनिटं ओळख करून द्यावी लागेल. बऱ्याच जणांना तैंतैं (म्हणजे टिनटिन) आणि अ‍ॅस्टेरिक्स माहीत आहेत, गास्तों नाही. इंग्रजीत तो २०१७ पासून गोमर गूफ नावाने येतो. भाच्याने तो तसाच वाचलेला.

ओळखीचा कच्चा मजकूर: २८ फेब्रुवारी १९५७ च्या 'स्पिरू' साप्ताहिकात वाचकांना नुसत्या पावलांचे ठसे दिसले. कसलंही स्पष्टीकरण नाही. मग काही आठवड्यांत एक पोरगा दिसायला लागला, कोटात, गळ्याला बो. संपादक ईव्हाँ देलपोर्त आणि फ्रांकँ यांनी ठरवूनच हे केलं होतं. कथा नसलेला, काम नसलेला नायक, साप्ताहिकाच्या ऑफिसातच शिरलेला. तुला इथे कोणी पाठवलं, तर आठवत नाही. काय करतोस, तर वाट बघतोय. कशाची, ते माहीत नाही.

पुढे त्याला वाचकांची पत्रं लावण्याचं काम मिळतं आणि पत्रांचा ढीग शेवटपर्यंत कमी होत नाही. हिरवा उंच गळ्याचा स्वेटर, पायात दोरीच्या तळव्याच्या चपला, ऑफिसात मांजर, सीगल, मासा, कॅक्टस. त्याच्यामुळे द मेस्माकर नावाच्या उद्योगपतीचा करार कधी सहीपर्यंत पोचत नाही. तो करार कशाचा आहे हे आपल्याला कळतच नाही, आणि कळावंसं वाटतही नाही.

एवढं पुरे. बाकी पानं सांगतील.

१५ जानेवारी, संक्रांत

आज सापडलं. आठ दिवस ज्याच्यामागे लागले होते ते 'मांफँ!'

गास्तोंचा हा शब्द म्हणजे त्याची सहीच. 'मे आंफँ' याचं बोलताना झालेलं आखूड रूप. अर्थ काय, तर 'अहो पण', 'असं काय करता', 'आता हे काय' हे सगळं मिळून. कुणी त्याच्यावर ओरडलं, त्याचं यंत्र फुटलं, त्याच्या मांजराला बाहेर काढलं, की मान खांद्यात जाते, हात पसरतात आणि हा शब्द येतो. त्यात राग नसतो. आपण काहीही चुकीचं केलेलं नसताना जग असं का वागतंय, याचं मनापासूनचं आश्चर्य असतं.

वहीत उमेदवार लिहून ठेवले होते: 'अहो पण!', 'असं काय हो!', 'मी काय केलं?' पहिला फार नम्र, दुसरा लाडिक, तिसरा रडवा. 'च्च!' तर नाहीच.

सकाळी आई तिळगुळाच्या वड्या थापत होती. मिश्रण ताटात पसरलं, वर खोबरं भुरभुरवलं आणि ती सुरी आणायला वळली. तेवढ्यात भाच्याने गरम थरातच बोटाने एक कोपरा उचलला. सगळी कड कोसळली. आई वळली, ताटाकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "म्हंजे!?"

मी ओट्याशी उभी होते. त्या एका शब्दात तिचा सगळा चेहरा होता. 'म्हणजे काय' मधलं 'काय' गळून गेलेलं, 'म्हणजे'चं 'म्हंजे' झालेलं, जसं तिकडे 'मे आंफँ'चं 'मांफँ' झालं. शिवाय सुरुवातीला 'म' आणि मध्ये नाकातला सूर. ओठांची हालचालही तीच, त्यामुळे चित्रातल्या उघड्या तोंडाशी जुळतो.

संध्याकाळी आठही पानांवर घालून पाहिला. सात जागी चपखल बसला. एका जागी तो मांजराला रागावतोय, तिथे 'म्हंजे!?' फार मोठ्या माणसाचं वाटतं. तिथे 'असं काय रे' ठेवलं.

२० जानेवारी, शनिवार

प्र्युनेलची शिवी. गास्तोंचा आधीचा वरिष्ठ फांताझिओ ऑफिसातून गेल्यावर गास्तोंला सांभाळण्याची जबाबदारी याच्यावर येते. (१९६८ मध्ये फ्रांकँने 'स्पिरू आणि फांताझिओ' ही मालिका सोडली, त्यामुळे फांताझिओलाही गास्तोंच्या ऑफिसातून हळूहळू जावं लागलं. तिथून प्र्युनेलचं राज्य.) दाढी, चष्मा, पाइप, आणि संताप अनावर झाला की 'रोन्यत्युद्ज्यू!' देवाच्या नावाने घातलेली शिवी चावून चावून ओळखू न येईल अशी केलेली. मुलांच्या साप्ताहिकात चालावी म्हणून.

इथे दोन भाषांच्या सवयी आडव्या येतात. फ्रेंच माणूस चिडला की देवाकडे जातो, आपण चिडलो की आईकडे जातो. 'अरे देवा' ही आपल्याकडे शिवी नाही, हाक आहे. मात्र शिवी चावून सभ्य करण्याची रीत आपल्याकडेही अगदी तशीच आहे. भाच्याने जे सुचवलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी 'तिच्च्याऽऽमारी!' यावर एकमत झालं. दाताखाली दळल्यासारखा 'च्च्या' आहे आणि पुढे हवा तेवढा लांबवता येतो. लहानपणी मामा स्कूटर सुरू होईना की हेच म्हणायचा. शेजारच्या काकू ऐकतील म्हणून 'मारी' गिळायचा.

२८ जानेवारी, रविवार

आज भाषांतर नाही. पुनरागमनाची गोष्ट नीट लिहून काढायची होती, कारण गटात प्रश्न येणारच आणि अर्धवट सांगायचं नाही.

मार्च २०२२ मध्ये आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात द्युप्वी प्रकाशनाने जाहीर केलं की गास्तोंचा नवा अल्बम येतोय. काढणार देलाफ, म्हणजे क्वेबेकचा मार्क देलाफोंतेन, 'ले नोंब्रिल' मालिकेचा चित्रकार. ऑक्टोबरमध्ये प्रकाशन, पहिली आवृत्ती बारा लाखांची. फ्रांकँची मुलगी इझाबेल हिने विरोध केला. तिचं म्हणणं, वडिलांना आपल्यानंतर गास्तों दुसऱ्या कुणी काढायला नको होता. प्रकाशनाचं म्हणणं, हक्क आमच्याकडे आहेत. फ्रांकँने १९९२ मध्ये ते मार्स्यू प्रॉडक्शन्सला विकले आणि ती कंपनी २०१३ मध्ये द्युप्वीने घेतली. साप्ताहिकात नवी पानं सुरू झाली होती ती थांबवली गेली, अल्बम अडकला, प्रकरण ब्रसेल्सच्या न्यायालयातून लवादाकडे गेलं.

मे २०२३ च्या अखेरीस लवादाचा निर्णय आला. नवा अल्बम करून घेण्याचा हक्क प्रकाशकाला आहे. पण मुलीचा नैतिक हक्कही आहे, तिला आधी दाखवून संमती घ्यायला हवी होती. आणि तिला नकार द्यायचा असेल तर तो कलेच्या किंवा नीतीच्या कारणाने द्यावा लागेल, मनाला येईल तसा नाही. नोव्हेंबरमध्ये अल्बम आला, आठ लाखांच्या आवृत्तीने.

मी हे सगळं वाचताना आधी पूर्णपणे मुलीच्या बाजूची होते. घरातल्या माणसाला बाप काय म्हणायचा हे माहीत असतं, कागदाला नसतं. अजूनही मला वाटतं की जाहीर करण्याआधी तिच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. चार महिने लागले असते तर लागू द्यायचे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. फ्रांकँने स्वतः १९४६ मध्ये 'स्पिरू' हा चित्रकथेतला नायक दुसऱ्याकडून घेतला. तो पोरगा रॉब-व्हेलने १९३८ मध्ये काढलेला, मग जिजेकडे आलेला, जिजेने बावीस वर्षांच्या फ्रांकँच्या हातात दिलेला. आज कुणालाही विचारा, स्पिरू म्हटलं की फ्रांकँ आठवतो. पुढे त्याने आपलं मार्स्यूपिलामी, म्हणजे त्याने कल्पनेतून काढलेला प्राणी, १९८७ पासून बातेम या चित्रकाराला काढू दिलं, स्वतः हयात असताना. म्हणजे पात्र हातातून हातात जाणं या माणसाला परकं नव्हतं. तैंतैंच्या बाबतीत एर्जे १९८३ मध्ये गेला आणि तिथेच रेघ ओढली गेली. अ‍ॅस्टेरिक्स उदेर्झोने जिवंतपणी सोपवला आणि २०१३ पासून नव्या हातांनी चालू आहे. गास्तोंचं दोन्हींत बसत नाही. तो फ्रांकँचा स्वतःचा होता, घरचा.

आणि तो त्याच्या किती जवळचा होता त्याचं एक उदाहरण. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रांकँ नैराश्याने खचला. स्पिरूची लांब कथा अर्ध्यात थांबली, बराच काळ पुढे सरकली नाही. गास्तोंची पानं मात्र जिदेएम या सहकारी चित्रकाराच्या मदतीने येत राहिली. ज्याला काही करायचं नाही, त्या पोराने या माणसाला त्या काळात टेबलाशी धरून ठेवलं असावं. असं मला वाटतं.

४ फेब्रुवारी, रविवार

झानचं पान. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, पण राहवेना.

मादमुआझेल झान ऑफिसातच काम करते, चष्मा, उंच बांधलेली लालसर केसांची शेंडी. तिचं गास्तोंवर प्रेम आहे, त्याचंही बहुधा आहे, आणि इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना 'व्हू' म्हणतात, 'त्यू' नाही. फ्रेंचमध्ये हे नुसतं आदराचं अंतर आहे, जुन्या ऑफिसातली रीत.

मराठीत 'व्हू'चं 'तुम्ही' झालं की हाकेला 'अहो' येतं. आणि आपल्याकडे 'अहो' म्हटल्यावर काय होतं हे सांगायला नको. झान त्याला म्हणते, 'अहो, किती हुशार आहात तुम्ही!' मी हे फुग्यात लिहिलं आणि वाचून थांबले. फ्रेंचमध्ये जे अंतर होतं ते मराठीत जवळीक झालं. आमची आजी आयुष्यभर आजोबांना 'अहो' म्हणाली, नाव एकदाही घेतलं नाही. झानच्या तोंडी तेच 'अहो' आलं आणि लग्न न होताच दोघांचं घर झालं.

हे भाषांतर आहे का लबाडी? मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, चित्रात बघ ना तिचे डोळे." डोळे खरंच तसे आहेत. 'अहो' ठेवलं.

समोरच्या इमारतीतल्या मित्राचं नाव फ्रेंचमध्ये सगळं एका दमात येतं: ज्यूल-द-शे-स्मिथ-आं-फास. त्याचं 'समोरच्या-स्मिथकडचा-ज्यूल' एका फटक्यात झालं. हा 'कडचा' आपल्याकडे वाड्यावाड्यांत वाढलेला आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

गॅफोफोन. साठच्या दशकात गास्तोंने बनवलेलं वाद्य, मोठ्ठं शिंग आणि तारा एकत्र केलेलं. ते वाजलं की भिंतींचा गिलावा पडतो, खिडक्या थरथरतात, प्राणी पळतात. पानावर तो आवाज अक्षरांनीच काढलेला असतो, चौकटीभर.

भाच्याने तीन संध्याकाळी यावर घालवल्या. आधी नुसतं 'भ्रूंऽऽम' जाड लिहून पाहिलं, ते रिक्षाच्या मागचं वाटलं. मग त्याने शिरोरेषेकडे लक्ष दिलं. रोमन अक्षरं सुटी असतात, हलवली की प्रत्येक आपापली हलते. आपली एका दोरीला बांधलेली. त्याने ती रेषा आधी काढली, डावीकडे ताणलेली, मध्ये सैल, उजवीकडे तुटलेली. आणि तिला 'भ्रांऽऽग्ङ्झ्' ही अक्षरं अशी टांगली की वाऱ्यात वाळत घातलेले कपडे. शेवटचा 'झ्' एका चिमट्यावर लोंबतोय, आता पडेल. त्याखाली चित्रातलं मांजर पळतंय.

मूळ पानावर हे नाही. असायला नको होतं का? मला बघून आनंद झाला एवढंच लिहिते.

ट्रेसिंगवर शाईचा ठिपका पडला होता, खाली अल्बमवर उतरला नाही. यापुढे अल्बमवर आधी प्लॅस्टिकचा कागद ठेवायचा.

११ फेब्रुवारी, रविवार

अखेर नवा अल्बम पूर्ण वाचला. दोनदा.

देलाफने फार मेहनत घेतली आहे हे आधी लिहिलं पाहिजे. फ्रांकँची चित्रं वेगळी काढून, हावभावांनुसार, उभं राहण्याच्या पद्धतीनुसार लावून त्याने मोठा संग्रह केला आणि त्यातून शिकला. काम संगणकावर. ऑफिस तेच, माणसं तीच, काळ तोच, सत्तरच्या आसपासचा. फियाट ५०९ तीच, १९२० च्या दशकातली, धुरासकट. मी हसले. दोन पानांवर मोठ्याने हसले, आई आतून विचारायला आली. त्याचे संवाद फुग्यात आपसूक बसले, जुन्यांपेक्षाही सोपे गेले. हे कुठेतरी खटकलं पण का ते कळलं नाही.

भाच्याला मी एक काम दिलं. जुन्या पानातला एक गास्तों आणि नव्यातला एक, दोन्ही नुसत्या पेन्सिलने ट्रेस करायचे, बघून नाही, हाताने. त्याला तासभर लागला. म्हणाला, नव्याची रेघ चुकत नाही. कोपर जिथे हवं तिथेच आहे. जुन्याचा डावा हात मोजला तर उजव्यापेक्षा लांब निघतो, पण उडी खरी वाटते ती त्यामुळेच. "ही रेघ काढताना त्यालाही माहीत नसणार कुठे जातेय," असं तो म्हणाला. फ्रांकँच्या कागदांच्या ढिगाऱ्यावर त्याने भिंगच धरलं. प्रत्येक कागदाची कड वेगळ्या जोराने ओढलेली, काही ठिकाणी निब दोनदा फिरलेली. ढीग आहे, पण श्वास घेतोय असा.

आपल्याकडे शि. द. फडणिसांच्या बिनशब्दांच्या चित्रांत जो निवांतपणा असतो तो इथे नाही. फ्रांकँचं पान धावत असतं, आणि धावता धावता थकलेलंही असतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

नावाचा प्रश्न. लागाफमधलं 'गाफ' म्हणजे चूक, फजिती, बेसावधपणे केलेला घोळ. मराठीत काय? 'घोळ' चालेल, पण घोळ कुणीही घालतं. 'गोंधळ' फार मोठा. सकाळी चालताना अचानक आठवलं: गफलत. ग आणि फ, दोन्ही जागच्या जागी. शिवाय मूळ अरबी शब्दात बेसावधपण, गाफील असणं आहे, आणि हा पोरगा तर पुस्तकांच्या ढिगात गुहा करून झोपलेला असतो. गाफ, गाफील, गफलत. फ्रेंच 'गाफ'चं बाकी दोघांशी नातं काही नाही, पण शेजारी उभे राहिले तर तिघं भावंडं वाटतात.

भाच्याला 'गास्तों गफलतकर' हवं होतं. मला नको. हे ऑफिस ब्रसेल्समधलं आहे, सदाशिव पेठेतलं नाही, आणि बाहेर पार्किंग मीटरशी भांडायला लोंतारँ हवालदार उभा आहे. आडनाव लागाफच राहील. पण फ्रेंचमध्ये 'गाफ' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे 'गफलत'. ऐकणाऱ्याच्या कानाला जुळलं तर जुळलं.

स्ट्रॉबेरी घातलेला कॉड मासा, ही गास्तोंची प्रसिद्ध पाककृती, तशीच ठेवली. आईने ऐकून तोंड वाकडं केलं. चित्रात सगळे तसंच करतात.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बारा ट्रेसिंग तयार.

वाचनाआधी एक छोटा खेळ करायचा ठरवला. सहा चौकटींतला फक्त गास्तों, काळ्या-पांढऱ्यात, भिंतीवर दाखवायचा. दोन १९५७-५८ मधले, दोन सत्तरच्या दशकातले, दोन देलाफचे. प्रश्न एकच: यातले मूळ चित्रकाराचे कोणते आणि नंतर दुसऱ्याने काढलेले कोणते?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मराठी भाषा गौरव दिन. शाळेत कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार, कविता, भाषणं. माझ्या पर्समध्ये ट्रेसिंगची गुंडाळी होती. मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंना 'म्हंजे!?' चं पान दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: पान सातवर मी 'उशीर झालेली पत्रं' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तुंबलेली टपाल म्हण. पत्रांना उशीर होत नाही, टपाल तुंबतं." मग स्वतःच थांबून म्हणाल्या, "तुंबलेलं टपाल. पोस्टातले लोक मात्र तुंबलेली म्हणतात." 'तुंबलेलं टपाल' लिहिलं. एका शब्दाची जागाही वाचली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

अकरा जण आले. सदुसष्ट वर्षांपूर्वी याच तारखेला ते पावलांचे ठसे छापले होते, हे सांगून सुरुवात केली.

वाचन छान झालं. 'म्हंजे!?' दुसऱ्यांदा आला तेव्हाच हशा सुरू झाला, तिसऱ्यांदा तर मी म्हणायच्या आधी मागून आवाज आला. 'अहो'ला एक आजोबा, जे निवृत्तीनंतर फ्रेंच शिकायला लागले आहेत, खाली मान घालून हसले. 'तिच्च्याऽऽमारी' मी स्वतः म्हटलं.

खेळाचा निकाल जसा आला तसा लिहिते. देलाफचे दोन्ही गास्तों आठ जणांनी 'मूळ' म्हणून निवडले. सत्तरच्या दशकातले दोन्ही जवळजवळ सगळ्यांनी. आणि १९५७-५८ चे दोन, खुद्द फ्रांकँच्या हातचे, ते अकरापैकी नऊ जणांनी 'दुसऱ्या कुणीतरी काढलेले' ठरवले.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मी ते दोन पुन्हा भिंतीवर लावले. सडपातळ, सरळ उभा, ओठांत सिगारेट, अर्धे डोळे मिटलेले. मग त्याच्याशेजारी १९७० नंतरचा, पाठीतून वाकलेला, सगळं शरीर रबराचं. एकाच माणसाने, एकाच पात्राचं, वीसेक वर्षांत हे केलं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मग नवा कुठल्याशी जुळतो?" नवा शेवटच्याशी जुळतो. त्यातल्याही सर्वात गाजलेल्या वर्षांशी.

फुगे इतके सोपे का गेले ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. नव्या पानावर प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेलंच बोलतो. जुन्या आठ पानांवर मी प्रत्येक वेळी अडले होते, कारण १९६० चा गास्तों आणि १९७५ चा गास्तों एकसारखा बोलत नाही. मी आठ पानांत तीन वेगळ्या मराठी वापरल्या होत्या आणि ते माझं मलाच दिसलं नव्हतं.

आजोबांनी विचारलं, "तुम्हाला तो परत यायला नको होता का?" मी म्हटलं, आला याचा आनंद आहे, चार पानं मी मनापासून केली. पण देलाफला मी भेटले तर त्याला सांगेन की तो संग्रह बाजूला ठेव आणि तुझा हात चुकू दे. आणि त्याआधी इझाबेलकडे जा.

२ मार्च, शनिवार

ट्रेसिंग क्रमाने लावून फाइलमध्ये ठेवली, मध्ये पातळ कागद घालून. 'भ्रांऽऽग्ङ्झ्' मात्र भाच्याने मागून नेली.

पुढच्या वेळी १९५७ च्या पानांपासून सुरुवात करायची आहे. तिथे गास्तोंला अजून 'मांफँ'सुद्धा सापडलेलं नाही. तो नुसता दारात उभा आहे. आज त्याच्या पहिल्या फुग्यावर कागद ठेवला आणि 'वाट बघतोय' लिहिलं. मग 'वाट बघतोय' खोडून 'थांबलोय' लिहिलं. अजून कुठलं ठेवायचं ते ठरलं नाही. आईला दोन्ही वाचून दाखवले. ती म्हणाली, "कोणासाठी थांबलाय ते आधी विचार त्याला."